ऑर्कनीचा फिनमन: कातडी होडीतला तो माणूस कोण होता?

सन १६८२. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातल्या ईडे बेटाच्या दक्षिण टोकाशी समुद्रात एक माणूस दिसला. एकटाच होता. होडी एवढीशी, आणि तीत बसून तो इकडून तिकडे फिरत होता. बातमी पसरली तशी बेटावरची बहुतेक माणसं किनाऱ्यावर जमली. काहींनी धीर करून होडी पाण्यात लोटली. त्याला धरून आणायचा बेत होता. होडी आपल्याकडे येतेय हे दिसताच तो इतक्या वेगाने निघून गेला की पाठलाग करण्यात अर्थच उरला नाही. दोन वर्षांनी, १६८४ मध्ये, असाच एक जण वेस्ट्रे बेटावरून दिसला. त्यानंतर काही काळ तिथल्या लोकांना मासळी जवळपास मिळालीच नाही. ही माणसं जिथे येतात तिथले मासे पळवून लावतात, असं बेटावर म्हटलं जायचं.

ही नोंद जेम्स वॉलेस यांची. ते कर्कवॉल या ऑर्कनीच्या मुख्य गावातले पाद्री. त्यांनी आपल्या बेटांचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलं होतं. १६८८ मध्ये ते वारले आणि पाच वर्षांनी पुस्तक छापून आलं. जमीन, पीकपाणी, पक्षी, जुने दगड, थडगी अशा माहितीच्या ओघातच ही हकिकत येते. भुताखेतांची गोष्ट सांगावी तसा तिचा सूर नाही. या समुद्रात अधूनमधून अशी माणसं दिसतात, त्यांना इथे फिनमन म्हणतात, असं ते सरळ सांगतात.

पुढच्या दोनशे वर्षांत याच फिनमनचा ऑर्कनीच्या लोककथांमध्ये समुद्रातला मायावी जादूगार झाला. तो बायका पळवतो, होड्या फोडतो, समुद्राच्या तळाशी असलेल्या नगरीत राहतो. आज फिनमन म्हटलं की हेच रूप सांगितलं जातं. मला मात्र तो पहिला, १६८२ चा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. तो हाडामांसाचा होता याबद्दल मला शंका नाही. तो तिथे कसा पोहोचला, या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की लोककथा, हवामान, बोटबांधणी आणि युरोपीय जहाजांचा एक फार वाईट उद्योग, असे चार वेगवेगळे धागे हाती घ्यावे लागतात.

आधी नावाचा उलगडा, कारण त्यातच पहिली गफलत आहे. ऑर्कनीची बेटं शतकानुशतकं नॉर्वेच्या राजवटीत होती. १४६८ मध्ये डेन्मार्क आणि नॉर्वेचा राजा पहिला क्रिश्चन याने मुलगी मार्गारेट हिच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली. हुंड्याची रक्कम कधीच चुकती झाली नाही आणि बेटं स्कॉटलंडकडेच राहिली. राज्य बदललं तरी बोलीत, गावांच्या नावांत आणि गोष्टींत नॉर्वे टिकून राहिला. नॉर्वेत उत्तरेकडच्या सामी लोकांना ‘फिन’ म्हणत. वारा बांधून ठेवणारे, वादळ उठवणारे, रूप पालटणारे चेटके अशी त्यांची ख्याती होती. अनोळखी चेहऱ्याचा माणूस विचित्र होडीतून आला तेव्हा ऑर्कनीच्या लोकांनी हे तयार नाव त्याला लावून टाकलं, आणि नावाबरोबर चेटकाचा संशयही आपोआप चिकटला. तो सामी होता याला हा पुरावा धरता येत नाही.

आता ती होडी. वॉलेस यांचा मुलगा, त्याचंही नाव जेम्सच, डॉक्टर होता. १७०० साली त्याने वडिलांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली आणि तीत भर घातली. होडी माशाच्या कातड्याची आहे, समुद्र कितीही खवळला तरी ती बुडत नाही, पाण्यावर बसलेल्या समुद्रपक्ष्यासारखी तरंगत राहते, असं तो लिहितो. त्या माणसाचा अंगरखा होडीला असा जखडलेला असतो की पाण्याचा थेंब आत जात नाही. नैसर्गिक विधीसाठी किंवा किनाऱ्यावर उतरताना तेवढा तो सोडतो. अशी एक होडी ऑर्कनीहून एडिंबरोला पाठवलेली असून ती वल्ह्यासह आणि मासे मारायच्या भाल्यासह तिथल्या वैद्यांच्या सभागृहात बघायला मिळते, आणि दुसरी ऑर्कनीतल्याच बर्रे बेटावरच्या चर्चमध्ये आहे, असंही त्याने नोंदवलं. हवेतल्या भुताची होडी कुणी एडिंबरोला पाठवत नाही.

पुढच्याच वर्षी, १७०१ मध्ये, जॉन ब्रँड या पाद्र्याचं ऑर्कनी आणि शेटलंडवरचं पुस्तक आलं. त्यात आणखी दोन प्रसंग आहेत: सुमारे वर्षापूर्वी स्ट्रॉन्से बेटाजवळ एक माणूस दिसला होता, आणि काही महिन्यांपूर्वी वेस्ट्रेजवळ दुसरा. ब्रँड यांच्या मते होडी सीलच्या कातड्याची किंवा कसल्याशा चामड्याची. अंगातही चामड्याचा कोट. माणूस होडीच्या मधोमध बसतो, हातात लहान वल्हं असतं आणि तो गळ टाकून मासे धरतो. वादळात मोठी लाट अंगावर येताना दिसली की होडी पाण्याखाली न्यायची आणि लाट वरून जाऊ द्यायची, अशी त्याची युक्ती असते.

ही वर्णनं वाचून ज्याला उत्तरेकडच्या समुद्राची थोडी जरी माहिती आहे तो एकच शब्द उच्चारेल: कयाक. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडातल्या इनुइट लोकांची शिकारीची होडी. तिची बांधणी समजून घेतली की वॉलेस आणि ब्रँड यांचं एकेक वाक्य उलगडतं. वाहून आलेल्या लाकडाचा आणि हाडाचा सांगाडा, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेला. खिळा शक्यतो नाहीच, म्हणून लाटेबरोबर सांगाडा थोडा लवतो आणि मोडत नाही. त्यावर केस काढलेलं सीलचं कातडं ताणून शिवलेलं. शिवण बायका घालत, आणि त्यात सुई कातड्याच्या आरपार कधीच जात नसे. जाडीच्या निम्म्यातूनच टाका घ्यायचा, म्हणजे पाण्याला शिरायला भोकच राहत नाही. वर सगळं बंद, मधोमध एका माणसापुरतं गोल तोंड. त्यात बसलं की अंगातल्या चामडी कोटाची खालची कड त्या तोंडाच्या कठड्याभोवती बटव्याच्या नाडीसारखी आवळायची. मग माणूस आणि होडी मिळून एकच वस्तू होते. उलटली तरी वल्ह्याच्या एका फटक्याने परत सरळ होता येतं, आणि तोवर आत पाणी येत नाही.

‘लाट आली की होडी पाण्याखाली नेतो’ हे ब्रँड यांना चमत्कारिक वाटलं. ते प्रत्यक्षात असंच घडतं: कयाकवाला फुटत्या लाटेत खाली झुकतो किंवा मुद्दाम उलटा होतो आणि लाट गेल्यावर वर येतो. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला माणूस होडीसकट गडप झालेला दिसणार आणि क्षणात दुसऱ्या जागी वर आलेला. लांब, जेमतेम अर्धा मीटर रुंद, हलकी. सहा जणांनी वल्हवलेली जड लाकडी होडी तिला गाठू शकत नव्हती यात नवल काय?

इथून लोककथेकडे वळतो. एकोणिसाव्या शतकात सँडे बेटावर वॉल्टर ट्रेल डेनिसन नावाचे शेतकरी होते. लहानपणापासून म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांनी जमवल्या आणि १८९० च्या दशकात छापल्या. फिनमनबद्दल आज जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं त्यांच्या टिपणांमधून आलेलं आहे. त्यांचा फिनमन उंच, काळसर, गंभीर आणि उदास चेहऱ्याचा. ऑर्कनीहून नॉर्वेला तो वल्ह्याच्या सात फटक्यांत पोहोचतो. अंगाभोवती त्याला माशासारखे पर असतात, पण ते तो असे लपेटून घेतो की कपडेच वाटावेत. हिवाळ्यात तो फिनफोकाहीम या समुद्रतळाच्या नगरीत राहतो, उन्हाळ्यात हिल्डालँड या अदृश्य बेटावर. चांदीचा त्याला विलक्षण लोभ. तो मागे लागला तर चांदीचं नाणं दूर फेकायचं, तो त्यामागे जातो आणि आपण सुटतो. मासेमारीच्या जागा तो आपल्या मालकीच्या मानतो. तिथे कुणी गळ टाकला तर दोरी तोडतो, होडीला भोक पाडतो. म्हणून कोळी गळाच्या वजनांवर आणि तरंगांवर क्रूस काढून ठेवत, कारण फिनमन क्रूसाला भितो.

यातली एक गोष्ट थोडी तपशिलात सांगतो, कारण तीत ऑर्कनीचा सगळा भूगोल येतो. इव्ही गावचा थोरोडेलचा मालक, पहिल्या बायकोपासून तीन मुलगे असलेला, दुसरं लग्न करतो. बायको देखणी, त्याचा तिच्यावर फार जीव. एक दिवस दोघं ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर असतात. तो चपलेचा बंद बांधायला पाठमोरा बसतो तेवढ्यात तिची किंकाळी ऐकू येते. वळून बघतो तर एक काळा माणूस तिला ओढत होडीकडे नेतोय. हा पाण्यात धावतो, पण होडी दिसेनाशी होते. थोरोडेल भरतीच्या रेषेखाली गुडघे टेकून सूड घ्यायची शपथ घेतो. बरेच दिवसांनी मासेमारी करताना त्याला पाण्यावरून बायकोचा आवाज ऐकू येतो: माझी आशा सोडा, सूड घ्यायचा असेल तर हॉय बेटावरच्या जाणत्या म्हातारीकडे जा. म्हातारी उपाय सांगते. स्टेनेसला ओडिनचा दगड म्हणून भोक असलेला उभा दगड आहे. नऊ पौर्णिमांना त्याला उघड्या गुडघ्यांवर नऊ फेऱ्या घालायच्या आणि भोकातून बघत हिल्डालँड दिसू दे म्हणायचं. तो सगळं करतो. एका पहाटे राउझे आणि मुख्य बेटामधल्या खाडीत, जिथे कधी काही नव्हतं तिथे, बेट दिसतं. बाप आणि तीन मुलं होडीत मीठ भरून निघतात, नजर बेटावरून हलू देत नाहीत, वाटेत मायावी देवमासे आणि जलपऱ्या येतात त्यांच्यावर मीठ फेकतात, आणि बेटावर उतरून भोवती मिठाची नऊ वर्तुळं ओढतात. फिनमन मंडळी गुराढोरांसह समुद्रात पळतात. बायको मात्र परत मिळत नाही. ते बेट म्हणजे आजचं ऐनहॅलो.

ऐनहॅलो खरोखरच आहे, तिथे जुन्या मठाचे अवशेषही आहेत. १८५१ मध्ये साथीच्या तापानंतर तिथली वस्ती उठवली, आज तिथे कुणी राहत नाही. ओडिनचा दगडही खरा होता. प्रेमिक त्याच्या भोकातून हात धरून शपथा घेत. १८१४ च्या डिसेंबरात तिथल्या जमीन कसणाऱ्याने तो फोडला. लोकांनी त्याबद्दल त्याला कधी माफ केलं नाही, आणि ते मला अगदी रास्त वाटतं.

आता वॉलेस आणि डेनिसन शेजारी ठेवून बघा. अफाट वेगाने पळणारी होडी सात फटक्यांत नॉर्वे गाठू लागली. होडीला जखडलेला चामडी कोट परांसारखा झाला. ‘यांच्यामुळे मासे जातात’ ही १६८४ ची कुरकुर मासेमारीच्या मालकीहक्कात बदलली. लोककथा अशीच वाढते: बघितलेली एक विचित्र गोष्ट राहते, तिचं कारण विसरलं जातं, आणि रिकाम्या जागी आधीपासून माहीत असलेल्या गोष्टी येऊन बसतात. मायावी बेट, बायको पळवणं, मिठाचं रिंगण, नऊचा आकडा हे सगळं कयाकच्या कितीतरी आधीचं, उत्तर युरोपभर पसरलेलं धन आहे. ते फिनमनला नंतर चिकटलं.

इथे मी थोडा सावध राहीन. १८९० मध्ये डेव्हिड मॅकरिची या अभ्यासकाने पुढचं पाऊल टाकलं. सीलचं कातडं उतरवून माणूस होणाऱ्या ‘सेल्की’ च्या कथा, जलपऱ्यांच्या कथा, या सगळ्यांच्या मुळाशी कयाकवालेच असावेत असं त्याने सुचवलं. कल्पना मोहक आहे. पाणी पिऊन जड झालेली कयाक लाटांच्या पातळीला येते, मग दुरून कमरेवर माणूस आणि खाली काहीतरी काळं, ओलं, एवढंच दिसतं. कातडी होडी आणि कातडी कोट उतरवून ठेवणारा माणूस ‘सीलची कातडी उतरवतो’ असा वर्णिला जाणं शक्य आहे. पण सेल्कीच्या कथा आयर्लंडपासून आइसलँडपर्यंत सापडतात. आणि सीलचे डोळे, त्याचं पाण्यातून मान वर काढून माणसाकडे टक लावून बघणं, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही अशी कथा सुचवायला पुरेसं आहे. एका किल्लीने सगळी कुलपं उघडायचा मोह इथे आवरलेला बरा.

मासे गेले त्याचं काय? सतराव्या शतकाचा शेवट हा उत्तर युरोपातल्या अतिशय थंड काळांपैकी एक. हवामानाचे अभ्यासक या शतकांना ‘लघु हिमयुग’ म्हणतात. १६९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये पिकं सलग बुडाली आणि भीषण दुष्काळ पडला. समुद्रातला बर्फ नेहमीपेक्षा दक्षिणेला सरकला होता. फॅरो बेटांजवळची कॉड माशाची मासेमारी याच सुमारास कोसळली. म्हणजे वेस्ट्रेच्या कोळ्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं: मासे खरंच कमी झाले असणार. पाण्याचं तापमान मोजायचं साधन त्यांच्याकडे नव्हतं, आणि डोळ्यांसमोर एक परका माणूस होता.

थंडीचा हा मुद्दा काही जण फिनमनच्या प्रवासाशीही जोडतात. बर्फ दक्षिणेला आला, त्याच्या कडेकडेने सीलची शिकार करत इनुइट शिकारी पूर्वेकडे भरकटले आणि वारा-प्रवाहाने ऑर्कनीला लागले, असा तर्क. डॉ. वॉलेस यांनाही वादळाने भरकटल्याचीच शक्यता वाटली होती. याच्या आड येते ती कयाकची जात. सीलचं कातडं पाण्यात सलग राहिलं की दोनेक दिवसांत पाणी पिऊ लागतं. होडी जड होते, खाली बसते. ती बाहेर काढून वाळवावी लागते, चरबी चोळावी लागते. ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापासून ऑर्कनी दोन हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे. वाटेत आइसलँड आणि फॅरो बेटं आहेत हे खरं, बर्फाच्या तुकड्यावरही होडी ओढता येते. पण बर्फ काही ऑर्कनीपर्यंत आलेला नव्हता. शेवटचा लांब टप्पा उघड्या समुद्राचाच राहतो, गोडं पाणी आणि झोप यांचा प्रश्न वेगळाच. एखाद्याच्या बाबतीत दैव बलवत्तर म्हणता येईल. वीस वर्षांत चार वेळा दिसलेल्या माणसांसाठी हे स्पष्टीकरण मला तोकडं वाटतं.

दुसरा तर्क, ती नॉर्वेची सामी माणसं असावीत. अंतर खूपच कमी होतं, नावही जुळतं. पण समुद्रकाठचे सामी लाकडी, शिवलेल्या होड्या वापरत. मधोमध एका माणसापुरतं तोंड असलेली, वरून बंद, कातडी होडी ही ओळख थेट ग्रीनलंडकडे बोट दाखवते.

उरतो तिसरा तर्क, आणि तो सांगताना जीव जड होतो. ही माणसं जहाजातून आणलेली होती.

युरोपीय जहाजं इनुइट लोकांना उचलून आणत, हे अंदाजाने बोलायची गरज नाही, लेखी पुरावा ढिगाने आहे. १५७७ मध्ये मार्टिन फ्रोबिशरच्या इंग्रज जहाजांनी उत्तर कॅनडातल्या बॅफिन बेटावरून एक पुरुष, एक स्त्री आणि तिचं तान्हं मूल आणलं. त्या पुरुषाने, कालिचोने, ब्रिस्टलच्या नदीत कयाक चालवून लोकांसमोर बदकांची शिकार करून दाखवली. काही आठवड्यांत तिघंही मेली. १६०५ मध्ये डेन्मार्कच्या चौथ्या क्रिश्चन राजाने ग्रीनलंडला मोहीम पाठवली. तिच्यातल्या एका जहाजाचा कप्तान जॉन कनिंगहॅम हा स्कॉटिश होता आणि वाट दाखवणारा जेम्स हॉल इंग्रज. त्यांनी माणसं आणली, कयाकांसह. कोपनहेगनला राजासमोर त्यांची सोळा वल्ह्यांच्या होडीशी शर्यत लावली गेली. पुढच्या वर्षी आणखी माणसं पकडली. त्यांतल्या काहींनी कयाक घेऊन घराकडे पळायचा प्रयत्न केला आणि त्यांना पुन्हा धरून आणलं. हॉल १६१२ मध्ये परत ग्रीनलंडला गेला तेव्हा तिथल्या एकाने त्याला भाल्याने मारलं. त्याच्या सोबत्यांनाही तो जुन्या अपहरणांचा सूडच वाटला. १६१३ मध्ये अँड्र्यू बार्कर या इंग्रज कप्तानाने समुद्रात एक कयाक माणसासकट उचलली. ती इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या ट्रिनिटी हाउस या दर्यावर्दींच्या संस्थेत टांगून ठेवली, आत त्या माणसाचा पुतळा बसवून.

हे इतकं सर्रास होतं की १७२० मध्ये डच सरकारला आपल्या जहाजांसाठी कायदा करावा लागला: ग्रीनलंडच्या लोकांना मारू नये, लुटू नये, पळवून आणू नये. जे घडतच नाही त्यावर कायद्याने बंदी घालायची वेळ येत नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. ग्रीनलंडच्या पश्चिमेकडून हॉलंड किंवा डेन्मार्ककडे परतणाऱ्या जहाजाची सोयीची वाट स्कॉटलंडच्या उत्तरेकडून, ऑर्कनी आणि शेटलंडच्या आसपासून जाते. जहाजावर धरून आणलेला माणूस आहे, त्याची कयाकही आहे, कारण घरी दाखवायला दोन्ही लागतात. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा जमीन दिसते. संधी साधून तो निसटला असेल. कधी कप्तानानेच नको असलेलं ओझं समुद्रात सोडलं असेल. कातडी दोन दिवसांत पाणी पिते ही अडचण या तर्काला लागू होत नाही, कारण महासागर जहाजाने पार केलेला असतो. इथल्या बेटांमध्ये अंतर थोडं. रात्री निर्जन किनाऱ्यावर उतरून होडी वाळवता येते. वेगवेगळ्या बेटांवरून दिसलेला माणूस कधीकधी एकच असणंही शक्य आहे.

प्रत्येक प्रसंगाला हेच उत्तर लागू पडतं असा माझा दावा नाही. पण ईडेचं ते दृश्य या नजरेने पुन्हा वाचलं की त्याचा अर्थ पार बदलतो. होडीभर दाढीवाले पुरुष ओरडत, वल्ही मारत अंगावर येताहेत. एकदा अशाच होडीतून आलेल्या माणसांनी पकडलेला माणूस दुसरं काय करेल? आणि ब्रँड यांनी बघ्यांकडून ऐकलेलं ‘गळ टाकून मासे धरतो’ हे साधं वाक्य: तो मासे पळवत नव्हता, पोट भरत होता.

अशांपैकी एक जण ॲबर्डीनला पोहोचला. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या शहरात १७६० मध्ये फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाचे इंग्रज पाद्री आले होते. त्यांच्या रोजनिशीत ही नोंद आहे. तिथल्या चर्चमध्ये त्यांनी सुमारे सात यार्ड लांब आणि दोन फूट रुंद होडी पाहिली. बत्तीसेक वर्षांपूर्वी ती डॉन नदीच्या मुखात वाहत आली होती, आत एक माणूस होता, सर्वांगावर केस असलेला. त्याची भाषा तिथे कुणालाच कळली नाही. शक्य ती सगळी शुश्रूषा केली, तरी तो तीन दिवसच जगला. १७८२ मध्ये छापलेल्या दुसऱ्या एका वर्णनात घटना शतकाच्या सुरुवातीची सांगितली आहे: समुद्रात होडीसह पकडलेला ‘इंडियन’ माणूस, जिवंत आणला, पण लवकरच मेला आणि स्वतःबद्दल काही सांगू शकला नाही. ‘इंडियन’ म्हणजे इथे अमेरिकेकडचा मूळनिवासी. अंगावरचे केस म्हणजे बहुधा केसाळ कातड्याचे कपडे. सीलचा किंवा पक्ष्यांच्या पिसांचा अंगरखा न पाहिलेल्या माणसाला ते शरीराचेच वाटले असतील. तारखा जुळत नाहीत, मापंही तंतोतंत जुळत नाहीत, पण ती होडी मात्र टिकली. ती आज ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात आहे, पाच मीटरपेक्षा लांब, सडपातळ.

चर्चमध्ये होडी टांगायची ही रीत तेव्हाही जुनीच होती. स्वीडिश लेखक ओलाउस माग्नुस याने १५०५ मध्ये ऑस्लोच्या कॅथेड्रलमध्ये दारावर लावलेल्या दोन कातडी होड्या पाहिल्या होत्या. ऑस्लो, बर्रे, ॲबर्डीन: होड्या देवळात पोहोचल्या, त्यांत बसलेल्या माणसांचं काय झालं ते बहुतेक वेळा कुणी लिहिलं नाही.

एक अपवाद आहे, आणि त्यामुळेच बाकीचं मौन जास्त खुपतं. १६५४ मध्ये डेन्मार्कच्या एका मोहिमेने ग्रीनलंडहून चौघांना आणलं, एक पुरुष आणि तीन स्त्रिया. बर्गनमध्ये त्यांचं चित्र काढलं गेलं, त्यावर चौघांची नावं लिहिलेली आहेत. ते चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुरुष वाटेतच वारला. स्त्रियांना उत्तर जर्मनीत अॅडम ओलिआरियस हा विद्वान भेटला. त्याने त्यांच्याशी बोलून शंभराच्या आसपास शब्द उतरवून घेतले आणि १६५६ मध्ये छापले. अपहरणाचा गुन्हा त्याने पुसला जात नाही. पण त्या स्त्रिया काय बोलत होत्या हे आज वाचता येतं, आणि भाषेच्या जाणकाराला त्या ग्रीनलंडच्या कुठल्या किनाऱ्याच्या होत्या तेही ताडता येतं.

ॲबर्डीनमध्ये तेव्हा एक नव्हे, दोन महाविद्यालयं होती. किंग्ज कॉलेज १४९५ चं, मॅरिशल कॉलेज १५९३ चं. लॅटिन, ग्रीक, हिब्रू जाणणारे प्राध्यापक हाकेच्या अंतरावर होते. पश्चिम ग्रीनलंड, पूर्व ग्रीनलंड आणि लॅब्राडोर इथल्या बोली एकमेकींहून वेगळ्या आहेत. तीन दिवसांत तो माणूस जे बोलला त्यातले पाचदहा शब्द जरी कुणी कानावर पडले तसे लिहून घेतले असते, तर तो कुठून आला हे आज सांगता आलं असतं, आणि फिनमनच्या कोड्यातला निदान एक तुकडा सुटला असता.